जॉर्डनची बायबल अभ्यास सहल कशी आखायची: तयारी, रूट, पास आणि प्रत्येक जागी काय वाचायचं

आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यास गटातले चौदा जण जॉर्डनला जाऊन आलो तेव्हापासून नगर, पुणे, जालना कुठून कुठून फोन येतात, कसं केलं, व्हिसाचं काय, वयस्कर माणसांना झेपेल का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो, ज्याला जायचंय त्याने यातलं हवं ते उचलावं.

आधी जॉर्डनच का ते सांगतो. पवित्र भूमी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर यरुशलेम आणि बेथलेहेम येतं, पण शास्त्रातल्या अम्मोन, मवाब आणि अदोम या इस्राएलच्या शेजारच्या राज्यांचा मोठा भाग आजच्या जॉर्डनमध्ये आहे. मोशेने जिथून वचनदत्त देश नुसता डोळ्यांनी पाहिला तो नबो डोंगर इथे, एलीया वर घेतला गेला ती यार्देनेची म्हणजे जॉर्डन नदीची बाजू इथे, योहान बाप्तिस्मा देत होता ती जागा इथे आणि त्याचा शिरच्छेद झाला तो किल्लाही इथेच. शिवाय खोदकामात सापडलेलं इतकं काही आहे की नुसतं दर्शन घेऊन परत यायचं म्हणजे ताटावर बसून उपाशी उठण्यासारखं आहे.

मी स्वतः आधी एकदा एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, तेव्हा एका दिवसात पाच जागा, मादबाला वीस मिनिटं, त्यातली दहा बाथरूमच्या लाइनमध्ये. घरी आल्यावर मुलाने विचारलं तिथे काय पाहिलं, मला फोटो बघूनही सांगता येईना कुठला फोटो कुठला. खूप वाईट वाटलं होतं. म्हणून यावेळी एकच नियम ठेवला, जागा कमी आणि प्रत्येक जागी बसून वाचायला वेळ जास्त, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याच नियमातून आलंय.

पहिलं काम: प्रश्न ठरवा, मग रूट

बहुतेक लोक आधी पॅकेज बघतात. तुम्ही आधी प्रश्न घ्या. आम्ही दोन घेतले. पहिला, बाप्तिस्मा करणारा योहान आणि त्याला मारणारा गालीलचा सत्ताधीश हेरोद अंतिपा यांच्या गोष्टीत राजकारण काय होतं. दुसरा, मवाबाची गोष्ट मवाबाच्या बाजूने कशी दिसते. प्रश्न ठरले की जागा आपोआप ठरतात आणि कुठली सोडायची तेही कळतं. वादी रमचं वाळवंट खूप सुंदर आहे म्हणतात, पण आमच्या प्रश्नात ते बसत नव्हतं म्हणून सोडलं, दोन-तीन जण नाराज झाले पण नंतर कुणी त्याचं नाव काढलं नाही.

मग निघायच्या आधी आठ रविवार तयारी करा. प्रत्येकाला एक जागा वाटून द्या, त्याने त्या जागेचा शास्त्रभाग आणि खोदकामाची एक ठळक गोष्ट तयार करायची आणि तिथे पोचल्यावर दहा मिनिटं बोलायचं, बस. ज्याने स्वतः तयारी केलीय तो माणूस त्या दिवशी सगळ्यात आधी बसमधून उतरतो, बघा तुम्ही. आमच्यातल्या एक निवृत्त शाळामास्तरीण मावशी, वय ६८, त्यांना मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख दिला होता, त्यांनी तर वही भरून टाकली.

एक छोटी अडचण येते ती नावांची. आपल्या मराठी शास्त्रातली नावं आणि तिकडच्या पाट्यांवरची नावं जुळत नाहीत. दीबोन म्हणजे आजचं धीबान, आर्णोन म्हणजे वादी मुजीब, अम्मोनी लोकांचं राब्बा म्हणजे अम्मान, गदरा म्हणजे उम्म कैस, आणि योहानाला मारलं तो मखेरसचा किल्ला मुकाविर गावाजवळ. असा एक कागद करून प्रत्येकाच्या शास्त्रात चिकटवा, ड्रायव्हरशी बोलताना पण कामी येतो.

तारखा, व्हिसा, पास

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच महिने धरा. उन्हाळ्यात मृत समुद्राच्या खोऱ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि ते खोरं समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून जास्त खाली असल्याने हवा अंगावर बसते, मराठवाड्याच्या उन्हाची सवय असली तरी तिथे सावली नाही हे लक्षात ठेवा. हिवाळ्यात पेट्राला, म्हणजे डोंगरात कोरलेल्या जुन्या शहरात, अचानक पाऊस आला तर घळीत लोंढा येतो, रस्ता बंद करतात. रमजान कधी आहे तेही बघून घ्या, त्या महिन्यात दिवसा हॉटेलं कमी उघडी असतात. शुक्रवार-शनिवार तिकडची सुट्टी.

व्हिसा भारतीय पासपोर्टवर अम्मानच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, फी ४० दिनार. पण ती भरू नका. निघायच्या आधी ऑनलाइन जॉर्डन पास काढा. ७०, ७५ आणि ८० दिनारचे तीन प्रकार आहेत, फरक फक्त पेट्रात एक, दोन की तीन दिवस एवढाच, आणि देशात किमान तीन रात्री राहणार असाल तर व्हिसाची फी माफ होते. नुसत्या पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार आहे, म्हणजे हिशोब स्वतःच करा. अभ्यासाला जाताय तर ७५ वाला घ्या, पेट्रा एका दिवसात होत नाही. एक दिनार साधारण १.४१ डॉलर, डॉलरशी बांधलेला आहे त्यामुळे फार हलत नाही. नबो डोंगर, मादबाचं नकाशाचं चर्च आणि बाप्तिस्म्याची जागा यांचे पैसे वेगळे धरून ठेवा. व्हिसाचे नियम बदलत असतात आणि तो सगळा भाग कधी शांत कधी तापलेला असतो, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात आपल्या दूतावासाची सूचना वाचा, आणि विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल.

मुक्काम कुठे? सगळे अम्मानला ठेवतात. मी म्हणेन पहिले चार दिवस मादबाला राहा. विमानतळापासून जवळ, छोटं गाव, ख्रिस्ती वस्ती जुनी, नबो तिथून दहाएक किलोमीटर, मृत समुद्र आणि मुकाविर दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखे. अम्मानच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास जातात ते वाचतात.

मादबाचा नकाशा: इथे घाई करू नका

सेंट जॉर्ज नावाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला मोझॅकचा म्हणजे रंगीत खडे बसवून केलेला नकाशा आहे, पवित्र भूमीचा आजवर टिकलेला सगळ्यात जुना नकाशा. मूळचा थोडाच भाग उरलाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुन्या चर्चच्या अवशेषांवर नवीन चर्च बांधताना तो उजेडात आला.

जाताना त्याची मोठी रंगीत प्रिंट न्या, ए-थ्री साइजची, प्रत्येकी एक. चर्चच्या आत गाइडने मोठ्याने बोललेलं चालत नाही म्हणून बाहेरच सगळं समजून घ्यायचं आणि आत शांतपणे बघायचं. नकाशाची वरची बाजू उत्तर नाही, पूर्व आहे. वेदीकडे तोंड करून उभे राहा म्हणजे नकाशा सरळ होतो, नाहीतर डोकं गरगरतं.

आता काय बघायचं. मध्ये यरुशलेम, लंबगोल, तटबंदीसकट, आणि मधोमध खांबांच्या दोन रांगांचा रस्ता. उत्तरेच्या वेशीच्या आत एक एकटा खांब काढलाय. तो खांब कधीच गेला, पण त्या वेशीला अरबीत आजही 'बाब अल-अमूद' म्हणजे खांबाची वेस म्हणतात. मी हे वाचलं होतं तरी प्रत्यक्ष तो बोटभर खांब बघताना अंगावर काटा आला. नकाशात यरुशलेमात जे 'नवीन चर्च' दिसतं त्याचं समर्पण ५४२ साली झालं, म्हणजे नकाशा त्याच्यानंतरचा, तारीख अशी काढतात.

मग यार्देन नदी बघा. नदीत मासे आहेत, आणि एक मासा मृत समुद्राच्या तोंडाशी जाऊन उलटा वळलाय, परत वरच्या बाजूला निघालाय, कारण पुढच्या खाऱ्या पाण्यात तो जगणार नाही. कुण्या कारागिराने चौदाशे वर्षांपूर्वी खडे बसवताना हा विचार केला. समुद्रातल्या होड्यांमधल्या माणसांची तोंडं मात्र विस्कटलेली दिसतील, सजीवांची चित्रं नको म्हणणाऱ्या काळात ती खडे उपटून पुसली गेली, मासा कसा सुटला देव जाणे. आमच्यातल्या एकाने गुडघ्यावर बसून तो मासा वहीत काढला, अर्धा तास लागला त्याला, आणि कुणीही चल चल म्हटलं नाही.

अभ्यासासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवरची नावं. नकाशात योहानाच्या बाप्तिस्म्याचं ठिकाण म्हणून 'बेथाबारा' पश्चिम काठावर लिहिलंय, आणि योहान १:२८ मध्ये यार्देनेच्या पलीकडची बेथानी म्हणजे पूर्व काठ. हा प्रश्न डोक्यात ठेवूनच पुढच्या जागी जायचं.

नबो आणि यार्देन

नबोला सकाळीच जा. तिथून बघायचं असतं पश्चिमेला, दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि नुसती चमक दिसते. हवा स्वच्छ असेल तर यरीहोची हिरवळ आणि लांब डोंगरमाथ्यावर यरुशलेमच्या इमारती दिसतात, आम्हाला यरीहो दिसलं, पुढचं धुक्यात होतं. अनुवाद ३४ उभ्या उभ्या वाचा, बारा वचनं आहेत, पाच मिनिटं लागतात. जागा फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्याशांनी १९३२ मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी खोदकाम सुरू केलं. चर्चच्या आत ५३० सालचा शिकारीचा आणि गुराख्यांचा मोझॅक आहे, त्यात शहामृग पण आहे, चुकवू नका.

बाप्तिस्म्याची जागा, अल-मग्तास, हा सीमेचा भाग आहे. १९९४ च्या शांतता करारानंतर भूसुरुंग काढून मग तिथे खोदकाम झालं आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, त्यांची बस आणि त्यांचाच गाइड, पासपोर्ट जवळ ठेवा. लोक नदी बघून गप्प होतात, कारण ती आपल्या ओढ्याएवढी आहे, पाणी मातकट, आणि समोरच्या काठावर काही मीटरवर दुसऱ्या देशातले लोक बाप्तिस्मा घेत असतात. वरचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवल्यामुळे अशी झालीय, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होत नाही. आजच्या काठापासून थोडं आत एकावर एक बांधलेल्या चर्चचे पाये आहेत, पुरात पडलं की पुन्हा बांधलं. तिथे बसून मादबाची प्रिंट उघडा आणि पूर्व काठ की पश्चिम काठ यावर बोला. आमच्याकडे चांगला तासभर वाद झाला.

मुकाविर: सहलीचं काळीज

बऱ्याच टूरमध्ये ही जागा नसतेच, म्हणून मुद्दाम सांगतो. मखेरसचा किल्ला मृत समुद्राच्या पातळीपासून साधारण अकराशे मीटर वर एका सुट्या टेकडीवर. खाली गाडी लागते, मग पंधरा-वीस मिनिटांची चढण, पायवाट बरी आहे, आमच्या मावशी काठी घेऊन सावकाश चढल्या. दुपारी साडेतीनच्या सुमाराला चढा, ऊन उतरलेलं असतं. वर उभे केलेले दोन खांब आणि जोत्यांच्या रेषा, बाकी वारा.

मार्क ६ मध्ये योहानाच्या मृत्यूची गोष्ट आहे पण किल्ल्याचं नाव नाही, नाव देतो तो पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस. आणि तो आणखी एक गोष्ट सांगतो जी आपल्या उपदेशांत कधी येत नाही. हेरोद अंतिपाची पहिली बायको ही दक्षिणेकडच्या नबाती नावाच्या अरब लोकांचा राजा अरीतास याची मुलगी. अंतिपा आपल्या भावाच्या बायकोशी, हेरोदियेशी लग्न करणार हे तिला कळलं तेव्हा तिने काही न दाखवता मखेरसला जाऊ द्या म्हणून सांगितलं, किल्ला बापाच्या हद्दीला लागून होता, आणि तिथून ती बापाकडे निसटली. पुढे अरीतासाने अंतिपाच्या सैन्याचा धुव्वा उडवला आणि लोक म्हणाले की योहानाला मारल्याची ही देवाने दिलेली शिक्षा. म्हणजे योहान ज्या लग्नाला चूक म्हणत होता ते लग्न म्हणजे सरहद्दीवरचं भांडण पण होतं. हे टेकडीवर उभं राहून दक्षिणेकडे बघत ऐकलं की डोक्यात दिवा लागतो. हाच अरीतास पुन्हा २ करिंथ ११:३२ मध्ये भेटतो, ज्याच्या अधिकाऱ्यापासून पौल पाटीत बसून दिमिष्काच्या तटावरून उतरला, आणि त्याचीच राजधानी पेट्रा. त्यामुळे मुकाविर आधी आणि पेट्रा नंतर हाच क्रम ठेवा, उलटा केलात तर पेट्रा नुसतं फोटो काढायचं ठिकाण होतं.

राजमार्ग, धीबान, केराक

पेट्राला जायला वाळवंटातला हायवे तीन तासांत पोचवतो, पण जाताना राजमार्गानेच जा, दिवस जातो तर जाऊ दे. गणना २०:१७ मध्ये मोशेने अदोमाच्या राजाकडे मागितलेली वाट ती हीच असं मानतात. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने हायवे पकडतो.

धीबानला बघायला फारसं काही नाही, उकरलेलं टेकाड, तुटकी पाटी. पण इथेच १८६८ मध्ये क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला काळ्या दगडावरचा शिलालेख दाखवण्यात आला, चौतीस ओळींचा, मवाबाचा राजा मेशा याने ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात कोरलेला. युरोपातले लोक विकत घ्यायला भांडू लागले तेव्हा स्थानिक बेदुईनांनी म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांनी दगड तापवून त्यावर पाणी ओतून फोडला. नशिबाने फुटायच्या आधी कागद दाबून ठसा घेतलेला होता, तुकडे आणि ठसा जोडून तो आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे.

इथे मावशींनी २ राजे ३ वाचलं, मग शिलालेखाचा मजकूर. शास्त्रात इस्राएल चाल करून येतं, मवाबाची गावं उद्ध्वस्त करतं आणि शेवटी मेशा तटावर पोटच्या पोराचा बळी देतो तेव्हा माघारी फिरतं. शिलालेखात मेशा म्हणतो की इस्राएलाच्या अम्री राजाने मवाबाला खूप काळ छळलं कारण आमचा देव कमोश आमच्या देशावर रागावला होता, मग कमोशाने मला जय दिला. म्हणजे शत्रूची भाषा पण आपल्यासारखीच, हार झाली की देव रागावला, जिंकलो की देवाने दिलं. आणि त्यात परमेश्वराचं नावही कोरलेलं आहे. आम्ही सगळे त्या टेकाडावर गवतात बसून ऐकत होतो, खालून एक मेंढपाळ पोरगा वर येऊन आमच्याजवळ बसला, त्याला काही कळत नव्हतं तरी शेवटपर्यंत बसला.

पुढे वादी मुजीबची प्रचंड दरी लागते, वरच्या वळणावर पाच मिनिटं थांबा. केराकला क्रुसेडरांचा किल्ला आहे, २ राजे ३ मधलं कीर-हरेसेथ ते हेच समजलं जातं, आम्ही तिथे जेवलो आणि तटावरून एक चक्कर मारून निघालो.

पेट्रा दोन दिवसांत

पहिल्या दिवशी गेट उघडायच्या वेळी आत शिरा, एक किलोमीटरच्या वर लांब घळीतून चालावं लागतं आणि गर्दी नऊनंतर येते. घळीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर पाण्याचे पाट कोरलेत ते बघत चला, अख्खं शहर त्या पाण्यावर जगलं. ज्यांनी वेरूळचं कैलास पाहिलंय त्यांना 'खजिना' म्हणतात त्या कोरीव इमारतीचा दर्शनी भाग बघताना लगेच कळेल, हाही वरून खाली कोरत आणलाय.

दुसरा दिवस बायझंटाइन चर्चसाठी ठेवा, लोक तिकडे फिरकत नाहीत. १९९३ मध्ये त्याच्या शेजारच्या खोलीत जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या, सहाव्या शतकातले वाटण्या, लग्न, जमिनींचे कागद, ग्रीक भाषेत. तिथून लांब डोंगरावर पांढरा ठिपका दिसतो तो जबल हारून, अहरोनाची कबर मानतात. गाढववाल्यांशी भाव आधीच ठरवा. 'मठ' नावाच्या वरच्या कोरीव वास्तूकडे जायला आठशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये, खाली बसायला छान जागा आहे.

उरलेले दिवस अम्मानहून

जेराश (शास्त्रातलं गरसा) आणि उम्म कैस एका दिवसात होतात. येशूने भुतं काढून डुकरांत घातली त्या गोष्टीत मार्क ५ मध्ये गरसेकरांचा प्रदेश, मत्तय ८ मध्ये गदरेकरांचा, आणि डुकरं तर सरोवरात पडली. जेराशपासून गालील सरोवर पन्नासेक किलोमीटर, उम्म कैसच्या काळ्या दगडाच्या नाट्यगृहाजवळून मात्र ते समोर खाली दिसतं. जुन्या हस्तलिखितांतही इथे नावं वेगवेगळी आहेत, ती का बदलली असतील हे तिथे उभं राहून विचारा.

अम्मानचा सिटाडेल म्हणजे टेकडीवरचा जुना किल्ला, तोच राब्बा, ज्याच्या वेढ्यात दाविदाने उरीयाला पुढे उभं करून मरू दिलं, २ शमुवेल ११ तिथेच वाचा. मग जॉर्डन म्युझियम, तिथे मृत समुद्राजवळच्या गुहेत १९५२ मध्ये सापडलेली तांब्याची गुंडाळी आहे, उलगडता येईना म्हणून मँचेस्टरला नेऊन पट्ट्या पट्ट्या कापून वाचली. म्युझियमची साप्ताहिक सुट्टी आधी बघा.

काही बारीक सारीक

दर जागी आमचा क्रम हाच होता, पोचल्यावर आधी दहा मिनिटं कुणी फोटो काढायचा नाही, सगळ्यांनी बसायचं, शास्त्रभाग मोठ्याने, मग ज्याची जागा त्याचं बोलणं, मग एक तास मोकळा, मग बसमध्ये बसल्या बसल्या वहीत चार ओळी. रात्री लिहू म्हटलं तर कुणी लिहीत नाही.

जमिनीवर खापरं पडलेली असतात, एकही उचलू नका. 'एवढासा तुकडा' म्हणून खिशात घातलेला तुकडा विमानतळावर गुन्हा ठरतो, आणि जागेवरून हललेलं खापर अभ्यासालाही निरुपयोगी होतं. वाटेत पोरं जुनी नाणी विकायला येतात तीही घेऊ नका, लूट त्यानेच वाढते.

शाकाहारी लोकांचं हाल होत नाही, फलाफल, हुमुस, फूल म्हणजे बाकल्याच्या शिजवलेल्या बिया, वांग्याचं मुतब्बल आणि गरम रोटी सगळीकडे. तरी सातव्या दिवशी सगळ्यांना तिखटाची आठवण येते, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्या. पाणी बाटलीतलंच. बुटांचा तळवा पकड असलेला हवा, पेट्राचा दगड गुळगुळीत झालाय. टोपी, छोटा टॉर्च, खांदे-गुडघे झाकतील असे कपडे, आणि ज्यांना बीपी-शुगर आहे त्यांच्या गोळ्या चिठ्ठीसकट हँडबॅगेत.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वह्या गोळा करा, उशीर झाला की हरवतात. आम्ही सहा रविवार ठेवले, ज्याने तिथे जी जागा सांगितली त्याने ती मंडळीसमोर पुन्हा सांगायची. मावशींच्या मेशाच्या दिवशी हॉलमध्ये जादा खुर्च्या लावाव्या लागल्या, आणि संडे स्कूलच्या पोरांनी मागच्या भिंतीवर यार्देन नदी रंगवलीय, त्यात सगळे मासे उलटेच वळलेले आहेत.